सावनेर ते मिसरोद : एका बैठकीचा इतिहास

नागपूरहून उत्तरेकडे निघणारा जुना ६९ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, होशंगाबाद अशी गावे घेत ओबेदुल्लागंजला संपत असे. तिथून मंडीदीपचे कारखाने ओलांडले, की भोपाळच्या वेशीवर मिसरोद येते. आता या रस्त्याचे क्रमांक बदलले आहेत, होशंगाबादही २०२२ पासून नर्मदापुरम झाले आहे. पण आम्हा सीमेवरच्या मराठी माणसांच्या बोलण्यात तो अजून 'सिक्स्टी नाइन'च आहे. आमच्या मुली या रस्त्याने सासरी गेल्या, मुले या रस्त्याने नोकरीला गेली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि राग आला की दोन्ही, असा आमचा संसार या रस्त्याच्या कडेने वसलेला आहे.

याच रस्त्यावरच्या सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी वारले. वय अवघे ३३. 'एकच प्याला' लिहून झाले होते, पण ते रंगभूमीवर आले २० फेब्रुवारीला, बडोद्यात, गंधर्व नाटक मंडळीकडून. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. ज्या नाटकाने महाराष्ट्राला रडवले त्याचा पहिला प्रयोगही त्याच्या लेखकाला पाहता आला नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मिसरोदला, आमच्या आप्तांपैकी एक कुटुंब राहते. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला मी २०२३ च्या डिसेंबरात एका बैठकीला घेऊन गेलो. त्याचे नाव सांगणार नाही, नातेही सांगणार नाही. गाव लहान आहे. तो आणि त्याची बायको मला 'भाऊ' म्हणतात, पण आमच्याकडे भाऊ कोणालाही म्हणतात, तेव्हा त्यावरून तर्क लढवण्यात अर्थ नाही. हे लिहिण्यापूर्वी मी त्या दोघांची परवानगी घेतली आहे.

'एकच प्याला' मी वर्गात अनेकदा वाचून दाखवले आहे. मुन्सफाशी खटका उडून सनद रद्द झालेला वकील सुधाकर, त्याच्या हातात पहिला प्याला देणारा तळीराम, आणि नवऱ्याच्या पायाशी निष्ठा ठेवून झिजून जाणारी सिंधू. आवाज चढवून, थांबून थांबून वाचले की मागच्या बाकांवरची मुलेही गप्प होतात. मास्तरकीच्या पहिल्या वर्षांत मला वाटे, हे ऐकलेला मुलगा पुढे दारूला शिवणार नाही. मिसरोदचा हा आमचा गृहस्थ माझ्याच वर्गात बसून ते ऐकून गेलेला आहे.

मराठी समाजाने दारूविरुद्ध काय काय केले, याचा हिशेब मांडला तर तो लहान नाही. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकाने वाढू देण्यास पत्र लिहून विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. गाडगेबाबांनी कीर्तनातून, तुकडोजी महाराजांनी भजनातून वऱ्हाड-नागपूरच्या गावोगाव दारू सोडा म्हणून सांगितले. १९४९ मध्ये मुंबई राज्याने कायदा केला आणि पुढच्या वर्षी पूर्ण दारूबंदी आणली. गडचिरोलीत लोकांच्या रेट्याने १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. आमच्या मध्य प्रदेशात दारूदुकानांना लागून असलेले बसून पिण्याचे अहाते १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर, मुलताई अशा धार्मिक गावांत विक्रीच थांबली. यातल्या कोणत्याही गोष्टीला मी कमी लेखत नाही. बाईच्या अंगावरचे वळ ज्यांनी पाहिले आहेत ते दुकान बंद करण्याच्या मागणीला हसणार नाहीत. पण या सगळ्यांत बोलणारा न पिणारा असतो आणि ऐकणारा पिणारा असतो. एक वर उभा, एक खाली बसलेला.

आमच्या घराण्याने जो उपाय केला तोही याच जातीचा. शपथ. पहिली शपथ आईच्या फोटोपुढे, ती दोन महिने टिकली. दुसरी पंढरीच्या माळेवर हात ठेवून, ती दिवाळीपर्यंत. तिसरी मी स्वतः घालवली, २०२३ च्या कार्तिकी पौर्णिमेला मुलताईला, तापीच्या कुंडाचे पाणी ओंजळीत घेऊन, आयुष्यभरासाठी. त्याने ती मनापासून घेतली, हे मी आजही सांगतो. त्याच रात्री तो मिसरोदला परतला आणि त्याने एक थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर माणसे दिसू लागली, रात्री झटका आला. त्याच्या बायकोने शेजाऱ्यांच्या मदतीने रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने मला फोनवर विचारले, "एकदम बंद करायला कोणी सांगितलं होतं?" वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकते, हे एम.ए. झालेल्या, तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला माहीत नव्हते. मी त्याला पुण्य समजून तापीकाठी उभे केले होते.

आठ दिवसांनी तो घरी आला. डॉक्टर म्हणाले, अंगातली दारू आम्ही काढली, आता पुढचे काम आमचे एकट्याचे नाही. पुण्याच्या मुक्तांगणचे नाव आमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक होते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला पैशाचे बळ दिले आणि उद्घाटनही केले. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आणि सहकारी चालवत आहेत, आणि तिथल्या समुपदेशकांत एकेकाळी स्वतः व्यसनात असलेली माणसे पुष्कळ आहेत. पण तिथे राहायचे म्हणजे पाच आठवडे. मंडीदीपच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या माणसाने पाच आठवडे रजा मागितली, तर परत आल्यावर फाटकावर त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

सरकारची १४४४६ ही विनाशुल्क मदतवाहिनी आहे, तिथे त्याच्या बायकोने फोन केला. दवाखान्यातल्या एका परिचारिकेनेही एक चिठ्ठी दिली होती, त्यावर नुसता एक मोबाइल क्रमांक आणि 'ए. ए.' ही दोन अक्षरे. तो क्रमांक मी लावला. ओळख करून दिली, मुख्याध्यापक असल्याचे सांगितले (सवय), आणि सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. पलीकडच्या माणसाने मध्येच विचारले, "आप पीते हैं?" मी म्हटले, "जी नहीं." तो म्हणाला, "तो फोन उनको दीजिए जो पीते हैं."

मला राग आला. फोन मी दिला. ते दोघे वीस मिनिटे बोलले. बोलणे बहुतेक पलीकडून चालले होते. आमचा माणूस फक्त 'हां', 'मेरा भी', 'सुबह-सुबह' असे तुटक बोलत होता. शनिवारी संध्याकाळची बैठक खुली आहे, घरच्यांपैकी कोणी सोबत आले तरी चालेल, असे ठरले.

त्या फोनचा राग उतरेना म्हणून मी या मंडळींचा इतिहास शोधून वाचला. तो वाचताना मात्र त्या माणसाने मला का थांबवले ते समजले.

१९३४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयातून बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला एक माणूस बाहेर पडला. त्याची दारू सुटली होती. सुटल्याबरोबर त्याने जे केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते : तो इतर दारुड्यांना उपदेश करत सुटला. आपल्याला झालेला साक्षात्कार तो त्यांना ऐकवी. पाच महिन्यांत एकाचीही सुटली नाही. त्याची बायको लुईस त्याच्या लक्षात आणून देई की तुझी स्वतःची तर सुटलेली राहिली. आणि त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले की प्रवचन थांबव, आधी त्यांना या आजाराचे स्वरूप सांग.

१९३५ च्या मे महिन्यात तो ओहायो राज्यातल्या अॅक्रनला एका कंपनीच्या व्यवहारासाठी गेला. व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता. खिशात फार पैसे नाहीत, एका बाजूला बार, तिथून हसण्याचे आवाज, आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तिथे त्याला जे सुचले त्यातून ही चळवळ जन्मली. त्याला वाटले की आपल्याला या क्षणी सावरायचे असेल तर दुसरा एखादा पिणारा हवा. चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूला फोन लावून, पुढे एकाकडून दुसऱ्याकडे करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या ओळखीचे एक शल्यचिकित्सक होते, डॉ. बॉब स्मिथ, पिण्यापायी धंदा बुडत चाललेला. १२ मेला दोघांची भेट झाली. डॉक्टर बायकोच्या आग्रहाने आले होते आणि पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असे बजावून आले होते. ते सहा तासांहून अधिक बसले. मदतीला गेलेला आणि मदत घेणारा यांतला कोण कोणता, हे त्या खोलीत सांगता आले नसते.

डॉ. बॉब लगेच सुधारले असे मात्र झाले नाही. काही दिवसांनी ते अटलांटिक सिटीला वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परतले. मग १० जूनला त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात तर थरथरत होते. हात स्थिर व्हावेत म्हणून बिलने त्यांना बिअरची एक बाटली स्वतः दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापनादिन मानला जातो. आमच्या शपथेच्या रिवाजाला हे झेपणार नाही. तिसरा माणूस त्यांना अॅक्रनच्याच रुग्णालयात सापडला, परिचारिकांवर हात टाकल्यामुळे खाटेला बांधून ठेवलेला. तो वकील होता. सुधाकरही वकील. गडकऱ्यांना आणखी सोळा वर्षे आयुष्य मिळते तर, असा एक व्यर्थ विचार माझ्या मनात येऊन गेला.

पुढची वाढ थोडक्यात सांगतो. १९३९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा सुटलेले लोक शंभराच्या आसपास होते. १९४१ मध्ये 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये लेख आला आणि वर्षभरात दोन हजारांचे आठ हजार झाले. आज १८० हून अधिक देशांत वीस लाखांच्या घरात सभासद आहेत, असे ते सांगतात. यादी ठेवत नाहीत, त्यामुळे तो अंदाजच. पैशाची गोष्ट मला विशेष वाटली. १९३८ मध्ये हे लोक धाकट्या रॉकफेलरांकडे मदतीला गेले. त्यांनी पाच हजार डॉलर दिले आणि अधिक पैसा या कामाची नासाडी करील असे मत दिले. त्यावेळी ही मंडळी खट्टू झाली. पुढे त्यांनी नियमच केला की बाहेरच्याचा पैसा घ्यायचा नाही. आपल्याकडच्या संस्थांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे ते या नियमाची किंमत ओळखतील.

१९५७ मध्ये ही चळवळ मुंबईत रुजली. साल लक्षात घ्या. मुंबई राज्यात तेव्हा पूर्ण दारूबंदी होती. म्हणजे कागदोपत्री जिथे दारूच नव्हती तिथे दारुड्यांनी एकत्र बसून 'मी दारुडा आहे' असे एकमेकांना सांगायला सुरुवात केली. त्यांच्या अनामिकपणाला त्या काळात दुहेरी अर्थ असणार, असे मला वाटते. लाज तर होतीच, वर कायदाही होता. आज त्यांचे भारताचे कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे, आणि मराठी-हिंदीतून गट चालतात. हा उपाय खरोखर लागू पडतो का, असे विचारणाऱ्यांसाठी : २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली, आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीची किंवा काही बाबतींत सरस असल्याचे म्हटले. सर्वांनाच लागू पडते असे मात्र कोणी म्हटलेले नाही.

शनिवारी मिसरोदहून निघताना त्याची बायको यायला तयार होईना. म्हणाली, "भाऊ, तुम्ही चला. मी आले तर तो माझ्या मागे लपेल." होशंगाबाद रोडने बस निघाली. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. अहाते बंद झाले होते. पिणारे दुकानाबाहेर लावलेल्या मोटारसायकलींवर बसून तेच करत होते. दोनदा तो म्हणाला, "आज नको, पुढच्या शनिवारी जाऊ." मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर दिले असते तर ते भाषण झाले असते, एवढे मला अॅक्रनच्या गोष्टीने शिकवले होते.

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. कोणत्या, ते सांगत नाही. फळ्यावर शुक्रवारची तारीख पुसायची राहिली होती. मी सवयीने टेबलाकडे वळलो. दारातल्या माणसाने हसून बाकाकडे हात केला. कित्येक वर्षांनी मी विद्यार्थ्यांच्या बाकावर बसलो, गुडघे आत मावेनात. बाराएक माणसे होती. कोण कोण होते आणि काय बोलले, ते तिथेच ठेवायचे असते, म्हणून ते मी लिहिणार नाही. एवढेच सांगतो की प्रत्येक जण पहिले नाव सांगे, मग आपण दारुडे असल्याचे सांगे, आणि मग स्वतःविषयी बोले. दुसऱ्याला कोणी सल्ला दिला नाही. मध्ये कोणी प्रश्न विचारला नाही. एक जण बोलताना बराच वेळ गप्प झाला, तरी कोणी घसा खाकरला नाही. आयुष्यभराची भाषा कोणाच्याच तोंडी नव्हती. आजचा दिवस, एवढीच मुदत. मला माझी तापीकाठची ओंजळ आठवली.

आणि आठवले आर्य मदिरा मंडळ. 'एकच प्याला'मध्ये तळीरामाने काढलेला तो पिणाऱ्यांचा अड्डा, ज्यात शास्त्री आणि खुदाबक्ष मांडीला मांडी लावून बसतात. तो प्रवेश मी वर्गात हसवण्यासाठी वाचत असे. पण गडकऱ्यांच्या नाटकात पिणाऱ्याला बरोबरीने बसवून घेणारी जागा तेवढी एकच आहे. सुधाकर सोडायचे ठरवतो, बाहेर पडतो, तेव्हा चांगल्या समाजात त्याच्या वाट्याला येतो अपमान. त्याला बसायला जागा उरते ती पुन्हा मंडळातच. शाळेच्या त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा वाटले की आपण इतकी वर्षे हा प्रवेश अर्धाच वाचत आलो. तळीरामाला एक गोष्ट कळली होती जी रामलालला कळली नाही.

शेवटी नव्या माणसाला विचारले गेले, काही बोलायचे आहे का, नसले तरी हरकत नाही. तो उभा राहिला. बसून बोला, असे त्याला सांगितले. त्याने हिंदीत नाव सांगितले. पुढचे वाक्य हिंदीत सुरू झाले आणि मध्येच मराठीत शिरले. कारखान्यात, बाजारात, शेजारी वीस वर्षे हिंदी बोलणारा माणूस. पण सकाळी उठल्यावर पहिल्या घोटासाठी डबा कुठे लपवला होता, हे त्याला हिंदीत सांगता येईना. तो थांबला, माझ्याकडे पाहिले. मी भाषांतर करायला तोंड उघडले. अध्यक्षस्थानी बसलेल्या माणसाने मला हाताने थांबवले आणि त्याला म्हणाला, "चलेगा, अपनी भाषा में बोलिए." त्या वर्गात मराठी कळणारा मी एकटा होतो. तो पाच मिनिटे मराठीत बोलला आणि बाकीचे सगळे ऐकत होते. त्यात माझेही नाव आले. तापीच्या पाण्याविषयी तो जे बोलला ते मला त्याने कधी तोंडावर सांगितले नसते.

मग एक पिशवी फिरली. मी शंभराची नोट टाकायला गेलो, तर शेजारच्याने ती हळूच परत माझ्या हातात दिली. पाहुण्यांचे घेत नाहीत. चहा झाला. दोघातिघांनी त्याला आपले मोबाइल क्रमांक लिहून दिले. मला कोणी दिला नाही. फक्त निघताना एकाने सांगितले की घरच्या माणसांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात, १९५१ पासून चालत आलेले, बिलच्या बायकोनेच सुरू केलेले. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' आहे, तसेच काहीसे. हा निरोप मी मिसरोदला पोहोचवला तेव्हा त्याची बायको पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "माझ्यासाठी पण आहे?" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी रजेचा अर्ज लिहीत असताना त्याचा फोन आला. "भाऊ, उद्या येऊ नका. उद्याची बैठक बंद आहे, फक्त आमच्यासाठी." त्या 'आमच्यासाठी'मध्ये मी नव्हतो. अर्ज फाडला आणि शनिवारी शाळेत गेलो.

२०२४ च्या होळीला तो प्यायला. कारखान्यातली पोरे होती, रंग होता, दुपार होती. हे मला त्याच्याकडूनच कळले, दुसऱ्या दिवशी, मी विचारण्याआधी. आजवर अशी बातमी नेहमी त्याच्या बायकोकडून किंवा शेजाऱ्यांकडून येत असे. मी विचारले, "मग बैठकीला गेलास?"

"गेलो."

"काय म्हणाले?"

"जेवला का, विचारलं. नाही म्हटलं. मग एकाने डबा उघडला."